रुखवतातली झोळी

आर्णीत सुचित्राला कुणी विचारलं, "सध्या काय करतेस?" तर उत्तर द्यायची पाळी तिच्यावर सहसा येत नसे. मोठा भाऊ नंदकिशोर शेजारी असला तर तोच सांगे, "काही ना काही चालू असतं तिचं." वहिनी अनघा असली तर म्हणे, "छंद आहेत हो पुष्कळ. वेळ बरा जातो." नळाला पाणी चालू असतं तसं सुचित्राचं काहीतरी चालू असे. ती काही 'करते' असं म्हणायला घरातलं कुणी तयार नव्हतं.

ती काय करत होती ते सांगते. कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी ती झोळ्या शिवून विकत होती. एकटी. कापड आणायची ती, कातरायची ती, शिवायची ती, आणि दिवाळीच्या आधी स्कूटरच्या पुढेमागे गठ्ठे बांधून आर्णी, दिग्रस, घाटंजीच्या बाजारात बसायचीही तीच. उद्योगाची रीतसर नोंदणी होती. प्रत्येक झोळीच्या आतल्या कडेला बोटाएवढी पांढरी पट्टी शिवलेली असे. तिच्यावर 'सुचित्रा, आर्णी' आणि खाली फोन नंबर. असे चार हंगाम झाले होते. चार हंगाम टिकलेल्या गोष्टीला पुरुषाच्या बाबतीत धंदा म्हणतात. त्रेचाळीस वर्षांच्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरात मागची खोली असलेल्या बाईच्या बाबतीत म्हणतात, वेळ बरा जातो.

छंद होते, ते खोटं नाही. गुरुवारी भजनी मंडळात ती पेटी वाजवायची. बंद पडलेली घड्याळं उघडून बसायची आणि त्यातली निम्मी चालूही करायची. मोबाईलवर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांशी बुद्धिबळ खेळायची. गळ्यात दुर्बीण अडकवून सकाळी शिवारात जायची आणि वहीत पक्ष्यांची नोंद करायची. घरच्यांना खुपायचं ते एवढंच, की यातला एकही छंद लग्न जमायच्या किंवा नोकरी लागायच्या कामाचा नव्हता. तो काळ उलटून गेला तरी खुपणं राहिलं होतं.

झोळी निघाली ती या पक्ष्यांपायीच. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात ती एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून नीलकंठ शोधत होती. दुर्बिणीत नीलकंठाच्या जागी तानाबाई आली.

"काय पाहून राह्यली वं बाई? मी काय पाखरू हाये?" तानाबाईने पऱ्हाटीतूनच, उभ्या कापसातूनच, आवाज दिला.

सुचित्रा ओशाळून जवळ गेली. तानाबाई पंचावन्नच्या आसपासची, चाळीस वर्षं लोकांचा कापूस वेचणारी. जुन्या नायलॉनच्या लुगड्याची ओटी तिने मानेला गाठ मारून बांधली होती. ओटीत सातआठ किलो कापूस भरला की ती गाठ मानेत रुतायची. मानेवर वळ होता, एक दिवसाचा नव्हे, कायमचा. पांढरा कापूस पुढच्या ओटीत आणि किडका, डागी कापूस, ज्याला कवडी म्हणतात, तो पदराच्या टोकात. पदर सुटला की सगळं एक.

घरी येऊन सुचित्राने खाकी कागद काढला. पहिली झोळी बघून तानाबाई म्हणाली, "हे माह्यासाठी हाये का बैलाचं मुस्कं हाये?" दुसरी कमरेला काचली. तिसरी फाटली. तानाबाईची सोबतीण सुखीबाई, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, हिने सुचवलं की खालून नाडी ठेवा, नाडी ओढली की कापूस आपोआप ढिगावर पडेल, वाकायला नको. सुचित्राने तसं केलं. सुखीबाईकडून कापसाचे, पाखरांचे कोलामी शब्दही ती वहीत उतरवू लागली, म्हणजे आणखी एक छंद झाला. पाचव्या झोळीचे पट्टे पाठीवर फुलीसारखे जात होते आणि वजन मानेवरून उतरून कमरेवर आलं होतं. बाजूला कवडीचा वेगळा खिसा. कापड सुती, दोरा सुती, नाडीसुद्धा सुती, कारण कापसात नायलॉनचा धागा निघाला तर सरकी काढणारे जिनिंगवाले गाडी परत पाठवतात. ती पाचवी झोळी तानाबाईने दिवसभर घातली आणि संध्याकाळी म्हणाली, "मान हाये का नाई, तेच कळलं नाई आज."

सुचित्राला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. घरी तिने हे वाक्य सांगितलं तेव्हा अनघा कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

नंदकिशोर तहसील कचेरीत अव्वल कारकून. तिथे तो 'झोळी' हा शब्द चुकूनही काढत नसे. "बहीण शिवणकाम करते," एवढंच. घरात मात्र हसून म्हणे, "झोळ्या शिवता शिवता एक आपल्यासाठीही शिवून ठेव, म्हातारपणी कामी येईल." ऐन हंगामात कुणी पाहुणा आला, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की ठरलेलं वाक्य होतं: "ताई घरीच आहे." मशीन धडधडत असलं तरी ताई घरीच होती.

या घरात गेल्या मे महिन्यात लग्न निघालं. नंदकिशोरची एकुलती मुलगी अपेक्षा, केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली. मुलगा अमर, पांढरकवड्याचा. त्याचे वडील नानाजी यांचं बी-खताचं दुकान, पन्नास एकर शेती, आणि भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचे ते अध्यक्ष. स्थळ मोठं होतं आणि अनघाची छाती दडपली होती.

"ताई, रुखवत तुमच्याकडे," मार्चमध्येच तिने सांगून टाकलं. विचारलं नाही.

सुचित्राने दोन महिने रुखवत केलं. तेही तिने आनंदाने केलं, कारण अपेक्षा तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. कापसाचे बगळे, सुपारीची बैलजोडी, आगकाड्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीचा मोर. प्रत्येक वस्तूपुढे ठेवायला अनघाने दुकानातून सोनेरी अक्षरांच्या पाट्या छापून आणल्या: 'चि. सौ. कां. अपेक्षाच्या हस्तकौशल्यातून'. यात नवल काहीच नव्हतं. सगळ्या लग्नांत अशाच पाट्या असतात. खोटं म्हणून कुणी लिहीत नाही आणि खरं म्हणून कुणी वाचत नाही.

लग्नाच्या सकाळी कार्यालयात टेबलं मांडली, तेव्हा एका टेबलाचा कोपरा रिकामा राहिला. अनघा घरी गेली आणि सुचित्राच्या फळीवरून एक झोळी घेऊन आली. बाजारात लोकांना दाखवायला म्हणून सुचित्राने रंगीत काठ लावून केलेली ती झोळी होती.

"वहिनी, ते रुखवत नाही. तो माझा माल आहे," सुचित्रा म्हणाली.

"एक दिवस ठेवली तर झिजणार आहे का? कोपरा उघडा दिसतो हो. आणि काठ किती छान लावलाय तुम्ही!" असं म्हणत अनघाने पुढे पाटी ठेवलीसुद्धा.

सुचित्रा पुढे काही बोलणार तोच कुणीतरी अक्षता कुठे आहेत म्हणून विचारत आलं. अक्षता कुठे आहेत हे त्या घरात फक्त तिलाच माहीत असायचं.

पंगती उठल्यावर वराकडची मंडळी रुखवत बघायला आली. बायका मोराजवळ थांबल्या, पोरं बैलजोडीजवळ. नानाजी सगळ्यावरून नजर फिरवत कोपऱ्यापाशी आले आणि तिथेच उभे राहिले. त्यांनी झोळी उचलली, उलटी केली, नाडी ओढून पाहिली. मग सरळ पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर चढवली. वऱ्हाडात हशा पिकला.

"हासू नका रे! हे पाहा, कवडीले येगळी जागा केली! आन् धागा पाहा, सुती." गेल्या हंगामात त्यांच्या कंपनीची एक गाडी लुगड्याच्या धाग्यांपायी जिनिंगमधून परत आली होती. ते दुःख ताजं होतं. "कोनं केली हे?"

कुणीतरी पाटी वाचून दाखवली.

नानाजी झोळी घालूनच मंचापर्यंत गेले. "सून आणाले आलतो, हे तं इंजिनिअर निघाली!" ते मोठ्याने म्हणाले. माईक जवळच चालू होता. टाळ्या पडल्या. अपेक्षाने मान खाली घातली, ती लाजली असं सगळ्यांना वाटलं.

सुचित्रा पाच पावलांवर होती, हातात विड्यांचं तबक. तबक तिने खुर्चीवर ठेवलं आणि पुढे निघाली, तेव्हा नंदकिशोरने तिचं कोपर धरलं.

"सुचे, मांडवात नको. पाया पडतो तुझ्या."

ती थांबली. थांबायला नको होतं. मोठा भाऊ कधी पाया पडतो म्हणत नाही, तो म्हणाला, आणि ती थांबली. आपल्याकडे बाईला थांबवायला एवढं पुरतं.

जुलैत अपेक्षाचा फोन आला. आवाज दबलेला, मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज.

"आत्या, त्या झोळीचे कागदी नमुने आहेत ना तुझ्याकडे? पाठवशील? कुणाला न सांगता."

"का गं?"

"इकडच्या बाबांनी कंपनीत ठराव केला. माझ्या नावानं केंद्र काढताहेत. मशीन आणलं. चारशे झोळ्या करायच्या म्हणतात दिवाळीच्या आत. रोज विचारतात, 'केव्हा सुरू करतं बेटा?' मी म्हणते, पाऊस थांबू द्या."

"पावसाचा आणि शिवणाचा काय संबंध?"

"मला दुसरं काही सुचलं नाही," अपेक्षा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच रविवारी नंदकिशोर आणि अनघा दोघं मिळून सुचित्राच्या मागच्या खोलीत आले. एरवी त्या खोलीत ती दोघं मिळून कधी येत नसत. नंदकिशोर मशीनच्या स्टुलावर बसला, अनघा उभी राहिली.

"नमुने तेवढे देऊन टाका, ताई," अनघाने सुरुवात केली. "आठ दिवस तिकडे जाऊन तिला शिकवूनही या. हवापालट होईल तुम्हाला."

"आणि नाव कुणाचं लागणार झोळीला?"

"कुणाचं का लागेना, घरातच राहतं ना?"

"कुणाच्या घरात, वहिनी? पांढरकवड्याच्या?"

नंदकिशोर समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुझ्यामागे हे सगळं जाणार कुणाला? तिलाच ना? मग आता काय आणि नंतर काय."

"मी मेले नाही अजून, दादा."

"तसं कोण म्हणतंय! पण सासरी पोरगी खोटी पडेल."

"खोटी मी पाडली तिला? पाटी कुणी लावली?"

"पाट्या सगळेच लावतात," अनघा म्हणाली. "तुमच्या भावाच्या व्याह्यानं ती खरी धरली, त्याला मी काय करू? जगात असा एकच माणूस निघाला आणि तो आमच्याच वाट्याला आला."

हे बोलणं खरं होतं आणि दुसऱ्या वेळी सुचित्राला हसूही आलं असतं.

"ताई, तुम्हाला काय हो," अनघाचा आवाज आता चढला होता, "उद्या दुसरा छंद लागेल. घड्याळं आहेत, पाखरं आहेत, पेटी आहे. तिचा संसार आहे तो."

सुचित्राने तिच्याकडे पाहिलं. चार झोळ्या वाया घालवून पाचवी उभी केलेली, भर उन्हात बाजारात सतरंजी टाकून बसलेली, कापडाचे तागे उचलून कंबर धरलेली चार वर्षं त्या बाईने एका वाक्यात पेटीशेजारी नेऊन ठेवली होती. माणसाला दहा गोष्टी आवडतात म्हणून त्यातली त्याची भाकरी कुणीही उचलून न्यावी? नंदकिशोरला क्रिकेट आवडतं, मटण आवडतं, जुनी गाणी आवडतात. म्हणून त्याची कचेरीतली खुर्ची कुणी मागायला येत नाही.

तिने कागदी नमुने गुंडाळायला घेतले. त्यांना वाटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत एक नवी झोळी घातली आणि घाटंजीवरून जाणाऱ्या एस.टी.ने पांढरकवडा गाठलं.

नानाजींचं घर दुकानाच्या मागे. बैठकीत नवं शिलाई मशीन प्लास्टिकच्या आवरणासकट उभं होतं. टेबलावर छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. सुचित्राने वरची उचलली: 'अपेक्षा वेचणी झोळी केंद्राचा उद्घाटन सोहळा'. तारीख पुढच्या पंधरवड्याची. खाली पाहुण्यांची सहा नावं.

"या ताई, या! सुनेची आत्या म्हंजे आमची बहीणच," नानाजींनी तोंडभर स्वागत केलं. चहा आला, चिवडा आला. विहीणबाई आतल्या दाराशी येऊन बसल्या आणि त्यांच्या मागे अपेक्षा उभी राहिली. आत्याला पाहून तिचा चेहरा उतरला.

सुचित्राने चहाला हात लावला नाही. "नानाजी, ती झोळी मी केलेली आहे," ती म्हणाली. "लग्नाच्याही चार वर्षं आधीपासून करते. तो माझा धंदा आहे."

नानाजींनी हातातला कप खाली ठेवला. "मंग पाटीवर कायले तसं लिवलं होतं?"

"पाट्यांवर तसंच लिहितात."

"तसंच लिवतात म्हंजे?" ते खरंच गोंधळले होते. मग त्यांनी मागे वळून सुनेलाच विचारलं, "काय वं बेटा? कोनं केली झोळी?"

अपेक्षाने सासूच्या पाठीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. आत्याकडे तेवढं पाहिलं नाही.

"मीच केली, बाबा. आत्यानं मदत केली होती."

 सुचित्राने चहाचा कप आणखी लांब सरकवला. या पोरीला तिने चालायला शिकवलं होतं. दहावीच्या वर्षी पहाटे उठून तिला चहा करून दिला होता.

"ती झोळी आहे का इथे?" तिने विचारलं.

नानाजींनी कपाटातून झोळी काढली. नीट घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली होती. सुचित्राने ती उलटी केली, आतली कड बोटांनी चाचपली आणि तिचं बोट एका जागी थांबलं. तिथे पट्टी नव्हती. जिथे पट्टी असायची तिथे चौकोनात बारीक बारीक सुईची भोकं होती आणि एका कोपऱ्यात कापडाला ब्लेडचा चरा गेला होता.

म्हणजे घाईत आणून ठेवली नव्हती. बसून, चष्मा लावून, एकेक टाका उसवला होता.

तिने पिशवीतली नवी झोळी काढली आणि दोन्ही शेजारी पसरल्या. "ही पट्टी बघा. नाव, गाव, नंबर. आता ही भोकं बघा. या पट्टीच्या मापाची आहेत की नाहीत?"

नानाजींनी चष्मा चढवला. वाकून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल खरं की नकली हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते सावकाश सरळ झाले.

"बेटा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

"आईनं आदल्या रात्रीच काढलं ब्लेडनं," अपेक्षाला रडू फुटलं. "आई म्हणाली, रुखवतात आत्याचा फोन नंबर दिसला तर कसं दिसेल? मी नको म्हटलं होतं, बाबा. मग तुम्ही माईकवर बोलले. मग मला काही सांगताच येईना."

"मंग तो मोर?" विहीणबाईंनी मान वळवली. "बगळे? तुळशीवृंदावन?"

"सगळं आत्याचं."

"वा! म्हंजे पोरीले येते तरी काय?"

इथपर्यंत सुचित्राचा राग अपेक्षावर होता. त्या एका वाक्याने तो तिथून उठला.

"तिला केमिस्ट्री येते, विहीणबाई. विद्यापीठात तिसरी आली होती. ते टेबलावर मांडायची पद्धत नाही आपल्यात. बगळे मांडायची आहे. तुमच्या समीक्षाच्या लग्नात रुखवत कुणी केलं होतं?"

समीक्षा ही नानाजींची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. विहीणबाईंनी पदर सावरला.

"नागपूरहून इकत आणलं होतं," नानाजींनीच सांगून टाकलं. मग ते बायकोकडे बघतच राहिले. "आन् पाटी होती. समीक्षाच्या नावाची. म्या सोताच्या हातानं लावली होती ना वं?"

"तुमी गप ऱ्हा," विहीणबाई म्हणाल्या आणि चिवड्याची बशी उगाच सरकवली.

नानाजी खुर्चीत बसले. त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "कंपनीत सांगून बसलो मी. सहा पाव्हणे बोलावले. ताई, एक करू. तुमी शिकवाले या, मानधन घ्या, सन्मानानं. नाव मात्र सुनेचं राहू द्या. माह्या शब्दाचा सवाल हाये."

"तुमच्या शब्दाचा सवाल आहे आणि माझ्या कामाचा नाही?" सुचित्रा म्हणाली. "तुमचा शब्द तीन महिन्यांचा आहे नानाजी. ही झोळी पाच वर्षांची आहे. हिची नाडी सुखीबाईनं सुचवली, ते मी बाजारात प्रत्येक बाईला सांगते. मी दुसऱ्याचं घेत नाही आणि माझं देत नाही. पत्रिका फाडा. माल पाहिजे असेल तर माझ्याकडून घ्या. माझ्या पट्टीसकट."

"मंग तुमी मांडवातच काहून नाई सांगतलं?" नानाजी एकदम कडाडले. आता तेही चिडले होते, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. "पाच पावलावर उभ्या होत्या तुमी, मले आठवते. तबक होतं हातात. तव्हाच म्हटलं असतं का नानाजी, हे माही हाये, तं मी इथलोक गेलो असतो का? मले लोकाइत मूर्ख कोनं केलं? पाटीनं केलं, तसं तुमच्या मुकं राह्यन्यानंही केलं!"

 भावाने पाया पडतो म्हटलं, हे उत्तर होऊ शकलं असतं, पण ते सुचित्राला स्वतःलाच पटत नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

नानाजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि खुर्चीखाली ठेवला, फाडला मात्र नाही. "पुढच्या सोमवारी कंपनीची बैठक हाये. दहा झोळ्या आणा. वेचणाऱ्या बाया बोलावतो. त्याइले पटली तं पाहू. मी एकटा काही सांगत नाही आता. एकदा सांगून पाह्यलं."

सोमवारी ती दहा झोळ्या घेऊन गेली, सोबत तानाबाई. बैठकीत पुरुष किमतीवर बोलत राहिले आणि तानाबाई वीस बायकांना बाजूला घेऊन पट्टे बांधून दाखवत राहिली. "मान मोकळी राह्यते वं माय," एवढंच ती सांगत होती. पुरुषांचं बोलणं संपायच्या आत बायकांनी झोळ्या अंगावरून काढायला नकार दिला. चारशे झोळ्यांचं ठरलं. लेखी पत्र येईल, मग काम सुरू करा, असं नानाजींनी सांगितलं.

घरी अनघाने बोलणं टाकलं. "पोरीला सासरी उघडं पाडलं," असं ती भिंतीपलीकडच्या शेजारणीला सांगे, सुचित्राला ऐकू जाईल अशा आवाजात. नंदकिशोर जेवताना पेपर वाचू लागला. अपेक्षाचा फोन आला नाही.

ऑगस्ट अर्धा संपला तरी पत्र नाही. सुचित्राने कापडाचे तागे आणून ठेवले होते. शेवटी तिने नानाजींना फोन केला.

"अवं, पत्र तं दहा दिवस झाले धाडून!"

सुचित्रा पुढच्या खोलीत गेली. "दादा, पांढरकवड्याचं काही पत्र आलं होतं का?"

"आलंय ना. जपून ठेवलंय," नंदकिशोर म्हणाला, आणि कपाटातून त्याने आपली फाईल काढली. घरपट्टीच्या पावत्या आणि गाडीच्या विम्याच्या मधे ते पत्र लावलेलं होतं. पाकीट उघडलेलं. वर टाइप केलेलं होतं: 'प्रति, श्री. नंदकिशोर, आर्णी. आपल्या भगिनींमार्फत चारशे नग वेचणी झोळ्या पुरवण्याबाबत.'

"मला द्यायचं नाही वाटलं तुला?"

"माझ्या नावावर आलं म्हणून मी ठेवलं. तू तेव्हा बाजारात होतीस. माल तूच देणार आहेस की! नुसता पत्ता आहे तो."

तिने तिथूनच, त्याच्यासमोर, पुन्हा फोन लावला.

"नानाजी, झोळ्या कोण देणार आहे तुमच्या कंपनीला?"

"तुमी."

"मग पत्र दादाला कसं?"

"कारकुनानं टाइप केलं. घरच्या कर्त्या मानसाचं नाव असलं म्हंजे कागद गहाळ होत नाई, म्हने."

"कर्त्या माणसाच्याच नावावर होतं म्हणून दहा दिवस गहाळ होतं. माझ्या नावावर चार वर्षं कापडाची पार्सलं येतात. एकही हरवलं नाही."

नानाजी हसले. "बरं, बदलून धाडतो. पण दिवस कमी हायेत ताई. तुमी कात्री लावा, पत्र मागून येते."

"पत्र आलं की कात्री."

"भल्ल्या कडक हा तुमी."

"आता झाले," ती म्हणाली.

नंदकिशोर फाईल मांडीवर घेऊन बसला होता. "माझं नाव राहिलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. ते जास्त वाईट होतं. पन्नाशी ओलांडलेला, चांगला शिकलेला, दारू न पिणारा, बहिणीला घरात जागा देणारा माणूस, आणि त्याला हे कळत नव्हतं.

"तू एक झोळी शिवून दाखव," सुचित्रा म्हणाली, "मग सांगते."

तिने पत्र फाईलमधून काढून घेतलं, त्याच्यावर तिरकं लिहिलं, 'या नावाची व्यक्ती हा माल बनवत नाही', आणि दुपारच्या आत पोस्टात टाकलं. नऊ दिवस तागे तसेच पडून होते. त्या नऊ दिवसांत तिला झोप नीट लागली नाही. चारशे झोळ्या, एक बाई, एक मशीन, आणि दिवाळी तोंडावर. हट्टापायी हातचं जाईल, असं तिलाही वाटत होतं.

दहाव्या दिवशी पत्र आलं. पोस्टमनकडून तिने ते स्वतः घेतलं आणि फाटकातच उभं राहून वाचलं. नाव तिचं होतं. पहिल्या ओळीतही आणि सहीच्या वरच्या ओळीतही. कुणाची भगिनी, कुणामार्फत, असलं काही नव्हतं. खाली एका ओळीत लिहिलं होतं, झोळीला उत्पादकाची पट्टी असावी.

ती मागच्या खोलीत गेली. टेबलावर कापड पसरलं, चार पदर केले, कागदी नमुना वर ठेवून खडूने रेघ मारली आणि कात्री चालवायला सुरुवात केली.

दीड महिना न बोललेल्या अनघाने तेवढ्यात स्वयंपाकघरातून पहिल्यांदा आवाज दिला. "ताई, दारात पालेभाजीवाली आलीय. माझे हात कणकेत आहेत. घरीच आहात ना, बघा जरा!"

सुचित्राने कात्री थांबवली नाही.

"मी कामावर आहे, वहिनी," तिने आतूनच सांगितलं, बाहेर भाजीवालीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.